पडत्या वास्तूंचा छायाचित्रकार

१९६० सालीं शिकागोचें गॅरिक नाट्यगृह पाडूं नये म्हणून रिचर्ड निकेल नांवाचा छायाचित्रकार फलक घेऊन रस्त्यावर उभा राहिला. पुढील वर्षीं तें पाडलेंच. ॲडलर व सलिव्हन ह्या स्थपतींच्या वास्तू एकामागून एक जात असतां तो त्यांचीं छायाचित्रें घेई, नक्षीचे तुकडेही स्वहस्तें उतरवी. वास्तु धडधाकट असतां तिच्या पोटांतील रचना दिसत नाहीं. ती उकलतांना घटकाभर दिसते. १९७२ च्या एप्रिलांत ह्याच स्थपतींची शेअरबाजाराची इमारत पाडली जात असतां तो एकटाच आंत गेला आणि ढिगाऱ्याखालीं सांपडला. प्रेत मिळण्यास जवळजवळ चार आठवडे लागले. कोणी ह्यास वेड म्हणतील. मला तो शब्द उच्चारवत नाहीं. तेथील सौदागृह १९७७ सालीं शिकागोच्या कलासंग्रहालयांत पुनः उभारलें गेलें. त्यांत त्यानें वाचविलेले अवशेष आहेत.