डांबर सोडा, पाणंद धरा : रानवाटेवरची पहिली धावस्पर्धा कशी निवडायची?

उमरी (ग्रामीण प्रतिनिधी) : थंडी सुरू झाली की तालुक्यातल्या प्रत्येक फाट्यावर पहाटे पाचला पोरं-पोरी पळताना दिसतात. कोणी पोलीस भरतीसाठी, कोणी अग्निवीरसाठी. अंधार असतो, अंगावर काळा टी-शर्ट असतो, कानात गाणी असतात आणि बाजूनं उसाच्या गाड्या, ट्रक, बसगाड्या सुसाट चाललेल्या असतात. जानेवारी २०२५ मध्ये बीड-परभणी मार्गावर घोडका राजुरीजवळ असाच पहाटे सराव करणाऱ्या तीन तरुणांचा बसच्या धडकेत जीव गेला. तिघंही भरतीची तयारी करत होते. त्या बातमीनंतर चार दिवस आपण हळहळलो आणि पाचव्या दिवशी पोरं पुन्हा त्याच डांबरावर.

दुसरीकडं पुण्या-मुंबईची, हैदराबादची नोकरदार मंडळी पैसे भरून डोंगरातल्या पायवाटांवर, धुऱ्या-बांधांवर, जंगलातल्या कच्च्या वाटांवर पळायलेत. त्याला ‘ट्रेल रन’ म्हणतात. सोप्या भाषेत रानवाटेवरची धाव. ज्या वाटेनं आपण रोज वैरण आणतो तशाच वाटेवर पळायला लोक प्रवेश फी भरतात, हे ऐकून पारावर हसू येतं. पण हसून सोडून देण्यासारखा हा विषय नाही. आपल्या लेकरांना यातून सुरक्षित सराव मिळू शकतो, स्पर्धेचा अनुभव मिळू शकतो, आणि नीट न बघता पैसे भरले तर फसगतही होऊ शकते.

मातीत पळण्याचा फायदा काय?

पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यात मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याचे २० गुण आहेत. अग्निवीर भरतीतही १.६ किलोमीटरची धाव आहे. ही धाव सपाट मैदानावर होते, त्यामुळं वेगाचा सराव मैदानावरच करावा लागतो, यात वाद नाही. पण आठवड्यातले सहाही दिवस डांबरावर आदळून नडगी दुखायला लागते, गुडघे धरतात आणि भरतीच्या महिनाभर आधी पोरगं घरी बसतं. दम वाढवायची लांब, हळू धाव मातीवर केली तर पायाला डांबराएवढा मार बसत नाही. वर-खाली, खाच-खळग्याच्या वाटेवर घोटा आणि पोटरी मजबूत होते. सगळ्यात मोठी गोष्ट, मागून ट्रक येत नाही.

आपल्या मराठवाड्यातलं उदाहरण बघा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे. शाळा सहा किलोमीटरवर, जाणं-येणं पायी नाहीतर पळत. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला. सैन्यात तो आधी क्रॉस कंट्री, म्हणजे माळरानावरची शर्यत पळाला आणि नंतर ३००० मीटर स्टीपलचेजकडं वळला. या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी. याच प्रकारात साताऱ्याच्या माण या दुष्काळी तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली. कच्च्या वाटेनं शाळेला जाणारं प्रत्येक लेकरू ऑलिंपिकला जाईल असं नाही. पण माती ही अडचण नाही, भांडवल आहे, एवढं यातून कळतं.

स्पर्धा आहेत कुठं?

खरं सांगायचं तर बहुतेक नावाजलेल्या स्पर्धा सह्याद्रीत आहेत. पुण्याकडची सिंहगड-राजगड-तोरणा ही सगळ्यात चर्चेतली. तिचं मुख्य अंतर ५३ किलोमीटर, पण सोबत ११ आणि २५ किलोमीटरचे गटही ठेवले जातात. गट बदलू शकतात, म्हणून चालू वर्षाचं पत्रकच बघावं. हा मुलूख अवघड आहे. तोरणा गड समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंच, आणि आपलं नांदेड साडेतीनशे मीटरच्या आसपास. उमरीच्या सपाटीवर १० किलोमीटर आरामात पळणाऱ्याची तिथं ११ किलोमीटरला जीभ बाहेर येते.

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. यवतेश्वर घाटातून २१ किलोमीटर. नावात डोंगर असला तरी रस्ता डांबरी आहे. म्हणजे चढाचा कस लागतो, पण ती रानवाट नव्हे. जाहिरातीत ‘हिल’, ‘ट्रेल’, ‘अल्ट्रा’, ‘मॅरेथॉन’ हे शब्द सर्रास मिसळतात, तेवढे समजून घ्या. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, हाफ म्हणजे २१.१, मॅरेथॉनहून लांब ती अल्ट्रा. ट्रेल म्हणजे कच्ची वाट, मग अंतर कितीही असो.

शर्यत नको, आधी नुसता अनुभव हवा असेल तर कोल्हापूरकडची पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंती आहे. दरवर्षी जुलैच्या पावसात शेकडो लोक ती वाट दोन दिवसांत चालतात. आपल्या जिल्ह्यात राखी पौर्णिमेला माहूरची परिक्रमा असते. रानातून, ओढ्यातून, चढ-उतारावरून आपल्या आया-मावश्या पायी फिरतात. त्यांना कोणी ‘ट्रेल’वाल्या म्हणत नाही, पण पाय तेच आणि वाटही तशीच.

आणखी एक रस्ता आहे, त्याकडं आपलं लक्ष जात नाही. अॅथलेटिक्स संघटनेच्या क्रॉस कंट्री स्पर्धा. १६, १८, २० वर्षांखालील आणि खुला असे गट असतात. जिल्ह्याची निवड, मग राज्य, मग राष्ट्रीय अशी पायरी असते. खर्च खासगी स्पर्धेपेक्षा कितीतरी कमी आणि प्रमाणपत्राला किंमत जास्त. शाळकरी लेकरांसाठी पहिली चौकशी इथंच करावी. क्रीडा शिक्षकाला विचारा, जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन या.

फी भरण्याआधी काय बघायचं?

पहिलं, अंतरासोबत चढ विचारा. ट्रेलच्या दुनियेत ठोकताळा असा, की दर १०० मीटर चढ म्हणजे सपाटीवरचा एक किलोमीटर जास्त. समजा स्पर्धा १० किलोमीटरची आहे आणि एकूण चढ ५०० मीटर. मग ती अंगाला १५ किलोमीटरसारखी लागणार. नवख्यानं ५ ते १० किलोमीटर आणि २०० मीटरच्या आतला चढ निवडावा. पत्रकात चढाचा आकडाच नसेल तर आयोजकाला फोन करा. त्यालाही सांगता येत नसेल तर ती स्पर्धा सोडा.

दुसरं, वेळेची मर्यादा. ठरलेल्या वेळेत एखादा टप्पा गाठला नाही तर धावपटूला थांबवतात. १० किलोमीटरला अडीच-तीन तास दिले असतील तर नवख्याला पुरे. चढावर चालायची लाज बाळगू नका, मोठे मोठे धावपटूही खड्या चढाला चालतात. गुडघ्याचा खरा घात उतारावर होतो. तिथं पावलं छोटी टाका.

तिसरं, सोय आणि सुरक्षा. पाणी किती किलोमीटरवर आहे? वाटेवर खुणा, झेंड्या, माणसं आहेत का? डॉक्टर आणि रुग्णवाहिका कुठं उभी? जंगलातून वाट असेल तर वनविभागाची परवानगी आहे का? विमा आहे का? हवामान बिघडलं तर काय करणार? हे विचारणं म्हणजे भित्रेपणा नाही. २२ मे २०२१ ला चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत झाली. १७२ जण पळत होते. दुपारी अचानक गारठा, गारपीट आणि वादळी वारा आला. वाऱ्याला अडवणारं जाकीट सक्तीचं नव्हतं, बहुतेकांच्या अंगात चड्डी-बनियन. २१ जण त्या डोंगरात मेले, त्यात नावाजलेले धावपटू होते. सहा जणांना एका मेंढपाळानं आपल्या गुहेत नेलं, शेक दिला आणि वाचवलं. नियोजन कागदावर होतं, त्या वेळेला कामाला आला तो रान ओळखणारा माणूस. म्हणून गावच्या माणसाला विचारल्याशिवाय वाट ठरवणारा आयोजक असेल तर शंका घ्या.

चौथं, पैसा. पैसे कोणाच्या खात्यावर चाललेत ते बघा. संस्थेचं नाव आणि यूपीआयवर दिसणारं नाव जुळतंय का? मागच्या वर्षीचा निकाल, फोटो, पळालेल्या माणसाचा अनुभव मिळतोय का? व्हॉट्सअॅपवर आलेली लिंक दाबून लगेच पैसे टाकू नका. स्पर्धा रद्द झाली तर फी परत का, हेही लिहून घ्या. फीमध्ये टी-शर्ट आणि पदक धरलेलं असतं. टी-शर्टाशिवाय कमी फीचा पर्याय आहे का, हे विचारायला काही लागत नाही.

पाचवं, एकूण हिशेब. इथून पुण्याला जायचं तर नांदेडहून रेल्वे, एक रात्र मुक्काम, पुढं गडाच्या पायथ्यापर्यंत गाडी. फीपेक्षा प्रवास महाग पडतो आणि दोन दिवसांची मजुरी बुडते. एकट्यानं जाण्यापेक्षा चौघं-पाचजण मिळून गेलं तर परवडतं. महागाचे ट्रेलचे बूट पहिल्या स्पर्धेला लागत नाहीत. पकड शिल्लक असलेला, पायात नीट बसणारा रोजचा बूट चालतो. नवा बूट मात्र स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

आपल्याच शिवारात का नाही?

एवढं सगळं वाचून कोणीही विचारील, की पाचशे किलोमीटर जायचं कशाला? प्रश्न बरोबर आहे. किनवट-माहूरचं जंगल, सहस्रकुंड धबधबा, कंधारचा किल्ला, गोदाकाठ, सगळं जिल्ह्यातच आहे. आपल्या तालुक्यात गोदावरीच्या कडेनं मातीचे रस्ते आहेत. २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेत रोजगार हमीतून शेत-पाणंद रस्ते मंजूर झाले. जिथं पाणंद मोकळी झाली, तिथं पहाटे पळायला तीन-चार किलोमीटरची वाट आपोआप तयार झाली. अतिक्रमणात अडकलेल्या पाणंदीचा विषय ग्रामसभेत निघतो तेव्हा ट्रॅक्टर आणि माल वाहतूक एवढंच बोललं जातं. भरतीची पोरं कुठं पळणार, हेही त्यात यायला पाहिजे.

एखाद्या गावानं ५ किलोमीटरची साधी धाव ठेवायची म्हणली तर फार काही लागत नाही. वाट दोन वेळा पायी फिरून बघायची. फक्कीनं बाण काढायचे, वळणावर माणूस उभा करायचा. दोन ठिकाणी पाणी आणि मीठ-साखरेचं पाणी. प्राथमिक आरोग्य केंद्राला आधी कळवायचं, १०८ ची गाडी वाटेच्या कोणत्या टोकापर्यंत येऊ शकते ते बघून ठेवायचं. पोलीस ठाण्याला आणि ग्रामपंचायतीला अर्ज. ज्यांच्या शेताच्या बांधावरून वाट जाते त्यांची हो घ्यायची, कारण उभ्या हरभऱ्यात शंभर पाय शिरले तर पुढच्या वर्षी कोणी वाट देणार नाही.

आपल्या भागाची काही पथ्यं आहेत, ती शहरातल्या पुस्तकात सापडत नाहीत. काळी माती पावसात बुटाला किलो-किलोनं चिकटते आणि पाय घसरतो, म्हणून जून ते सप्टेंबर नको. मार्चनंतर ऊन मारतं. सोयाबीन निघाल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ सगळ्यात चांगला. कापूस-तुरीची धसकटं पायात घुसतात, त्यामुळं नांगरट झालेल्या नाहीतर तुडवलेल्या वाटेवरच पळा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रानडुकरांसाठी काहीजण रात्री कुंपणाच्या तारेत करंट सोडतात. अंधारात शेतातून आडवी वाट काढू नका. उजाडल्यावर पळा, एकटं जाऊ नका, मुलींनी तर गटानंच जावं आणि घरी वाट सांगून निघावं. भरतीच्या पोरांना उजाडेपर्यंत थांबायला वेळ नसतो हे खरं, पण अर्धा तास उशिरा पळाल्यानं भरती हुकत नाही.

महसूल आणि क्रीडा खात्यानं मनावर घेतलं तर प्रत्येक सर्कलमध्ये एक पाणंद सरावासाठी निवडता येईल. दर किलोमीटरला दगड आणि सुरुवातीला एक सौर दिवा, एवढ्यानं भागतं. मोठ्या क्रीडा संकुलाची वाट बघण्यापेक्षा हे लवकर होणारं काम आहे. सरपंच, ग्रामसेवक, माजी सैनिक आणि गावच्या अकादमीवाल्यांनी येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडायला हरकत नाही. ठराव झाला, वाट मोकळी झाली, किंवा कोणी अडवली, तर आम्हाला फोटोसह कळवा. बातमी लावू.