मुलगा काय करतो?

आमच्या केंद्रातल्या एका तरुण सहकाऱ्याला गेल्या वर्षी मुलीकडचे पाहायला आले. "मुलगा काय करतो?" त्यांनी विचारलं. "एका संस्थेत आहे. मोहल्ल्यातल्या मुलांसाठी काम करतो." "माशाअल्लाह, सवाबाचं काम आहे. पण नोकरी काय करतो?" त्याच्या अम्मींनी हे आम्हाला हसत हसत सांगितलं. नातं मात्र जुळलं नाही.

भिवंडीतल्या एका छोट्या युवक केंद्राचं काम आम्ही पाहतो. आम्ही म्हणजे दोन शिक्षक, एक निवृत्त कारकून, शिवणकाम शिकवणाऱ्या एक आपा आणि पगारावर असलेला हा एकुलता एक मुलगा. बाकीचे असरनंतर जातो, तो सकाळपासून तिथेच. युवकांची संस्था म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे शिबिरं, भाषणं आणि बॅनर येतात. आमचा निम्मा वेळ कागदांत जातो.

सातवी-आठवीत शाळा सोडून कुणी लूमवर कांडी भरायला बसलेला असतो, कुणी घरी धाकट्या भावंडांना सांभाळत असते. अशांना खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येतं. त्यासाठी बोर्डाचा 17 नंबरचा फॉर्म असतो. अजूनही कित्येक घरांना हे ठाऊक नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो. फॉर्म भरायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो कागद जमवण्यात. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. दाखला सापडलाच तर त्यावर 'शेख' आणि आधारवर 'शैख'. 'मोहम्मद' एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं 'मो.'. आपल्या घरांत नाव ठेवताना जेवढा विचार होतो, त्याच्या निम्मा जरी ते लिहून देताना झाला असता तर आमचं काम बरंच हलकं झालं असतं!

एक मुलगी आठवीनंतर घरी बसली होती. तिचा दाखला उत्तर प्रदेशातल्या गावच्या शाळेत. आमचा हा मुलगा दीड महिना त्या हेडमास्तरांना फोन करत राहिला. अब्बांचं मन वळवायला आपांना सोबत घेऊन तीनदा घरी गेला. पहिल्या दोन वेळा दारातच बोलणं झालं. तिसऱ्या वेळी चहा आला, तेव्हा आपा म्हणाल्या, आता होईल. झालं. मार्चच्या परीक्षेत गणित सोडून सगळे विषय निघाले. वर्षाच्या अहवालात या सगळ्याची नोंद झाली ती अशी: लाभार्थी, 1.

आता पैशांचं. त्याचा पगार पूर्वी एका मोठ्या संस्थेमार्फत यायचा. तिला परदेशी देणगी मिळत असे, त्यातला थोडा वाटा आमच्याकडे. 2020 च्या सप्टेंबरमध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीचा कायदा, बदलला. अशी देणगी दुसऱ्या संस्थेला पुढे देणं बंद झालं. शिवाय प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. आमचा वाटा तिथेच थांबला. नंतर एका कंपनीने सहा संगणक दिले. शुक्रिया, चांगले आहेत. शिकवणाऱ्याचं काय, असं विचारल्यावर उत्तर आलं की त्यासाठी तरतूद नाही. तेव्हापासून पगार आम्ही आपापल्या खिशातून जमवत होतो. कधी पूर्ण, कधी अर्धा.

राहिला आपला समाज. रमजानमध्ये आपल्या लोकांचा हात अल्हम्दुलिल्लाह मोठा असतो. मुलांची फी, पुस्तकं, गणवेश यांसाठी जकात येते, आणि आम्ही ती त्या मुलांच्याच हातात देतो. पण आमच्या मोहल्ल्यातल्या मुफ्ती साहेबांनी समजावलं की जकात गरजूच्या मालकीची व्हायला हवी, कर्मचाऱ्याचा पगार तिच्यातून काढता येणार नाही. मसला स्पष्ट आहे, आमची तक्रार नाही. पगारासाठी लिल्लाहचे पैसे हवेत, आणि तिथे देणारा थबकतो. "पगार? मग खिदमत कसली?" हे आम्ही एकाच रमजानमध्ये इतक्यांदा ऐकलं की उत्तर देणं सोडून दिलं. मशिदीच्या इमाम साहेबांनाही घरभाडं भरावं लागतं, एवढंच एकदा आपा बोलल्या. समोरचे गृहस्थ गप्प झाले आणि शंभर रुपये देऊन गेले.

ईदनंतर दोन महिन्यांनी मुलाने काम सोडलं. आता पार्सल पोहोचवतो. आमच्यापेक्षा दुप्पट मिळतात. आम्ही अडवलं नाही, कोणत्या तोंडाने अडवणार होतो? पुरवणी परीक्षेच्या आधी ती मुलगी हॉल तिकीट घेऊन आली आणि रिकाम्या खुर्चीकडे पाहून म्हणाली, "सर कधी येतात?"

तो रविवारी जोहरनंतर येतो. पार्सलची पिशवी दाराशी ठेवतो आणि तासभर गणित घेतो. तिच्यासोबत आता आणखी चौघं बसतात.

गेल्या रमजानमध्ये आम्ही दोन पावतीपुस्तकं छापली होती, हिरवं जकातीचं आणि पांढरं लिल्लाहचं. हिरवं संपून दुसरं छापावं लागलं. पांढऱ्यातल्या अकरा पावत्या फाटल्या, त्यांतल्या चार आमच्याच. ते पुस्तक कपाटात आहे, येत्या रमजानला तेच काढू.