कोअरांची खोगीरभरती

खरेदीचा हंगाम सुरू झाला आणि नेहमीची पत्रे येऊ लागली. मजकूर थोड्याफार फरकाने एकच: रात्रीचा बॅच जॉब सकाळपर्यंत रेंगाळतो, डॅशबोर्डवर सीपीयू चार टक्क्यांच्या वर सरकत नाही, व्हेंडर म्हणतो कोअर वाढवा आणि वरिष्ठ म्हणतात कपॅसिटीचा फॉर्म भरून पाठवा. त्या फॉर्मात प्रोसेसरसाठी रकाना एकच असतो: ‘सरासरी सीपीयू वापर, टक्के’. आमचे भांडण त्या रकान्याशी आहे.

हिशेब शाळकरी आहे. ३२ लॉजिकल सीपीयूंच्या सर्व्हरवर एकच थ्रेड एका कोअरला पूर्ण जुंपून बसला, तर एकूण सरासरीत तो ३.१ टक्के दिसतो. फॉर्म वाचणाऱ्याला यंत्र मोकळे वाटते, काउंटरवरच्या माणसाला ते बंद पडल्यासारखे वाटते. काही कार्यालयांत हा आकडा पाहून तक्रारच निकाली काढतात. काही ठिकाणी ओरडा वाढला की ६४चे यंत्र येते. आता त्याच थ्रेडचा वाटा १.६ टक्के. जॉबला वेळ तेवढाच लागतो, कदाचित जास्तच, कारण एकाच मालिकेत कोअर वाढले की बेस क्लॉक बहुतेक वेळा उतरतो. पण रकान्यातला आकडा निम्मा झालेला असतो, म्हणून समितीच्या लेखी खरेदी यशस्वी! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, आणि वर बंबाच्या कामगिरीचा अहवाल. कामाचा फक्त पाच टक्के भाग क्रमानेच करावा लागत असेल, तर कितीही कोअर लावले तरी वेग वीसपटीपुढे जात नाही, हे ॲमडालच्या १९६७च्या मांडणीतून निघणारे गणित आहे. निविदेत कोअरांची किमान संख्या ठळक अक्षरांत छापणाऱ्यांपर्यंत ते अजून पोचलेले नाही.

दोष नेहमी एकट्या थ्रेडचाच असतो असे नाही. नेटवर्क कार्डाचे सगळे इंटरप्ट एकाच कोअरवर आदळत असतील, तर तिथला सॉफ्टआयआरक्यू शंभरीला टेकतो आणि शेजारचे कोअर झोपा काढतात. कंटेनरांची तऱ्हा याहून फसवी. मर्यादा २ सीपीयूंची आणि कोट्याचा नेहमीचा कालखंड १०० मिलिसेकंदांचा, म्हणजे दर खेपेला २०० मिलिसेकंदांचा शिधा. वीस थ्रेड एकदम पंगतीला बसले, तर तो १० मिलिसेकंदांत संपतो आणि उरलेले ९० मिलिसेकंद सगळे रिकामी ताटे धरून बसतात. ३२ सीपीयूंच्या होस्टची सरासरी तेव्हा ६.३ टक्के. या उपासमारीचा पुरावा सीग्रुपच्या सीपीयू-स्टॅट फाइलमधल्या थ्रॉटलिंगच्या मोजणीत निमूटपणे वाढत असतो. ती फाइल उघडण्याचे कष्ट किती जण घेतात?

यावर काही वाचक लोड ॲव्हरेज पुढे करतात. पण लिनक्सचा हा आकडा १९९३पासून अनइंटरप्टिबल, म्हणजे मध्येच न मोडता येणाऱ्या, झोपेतली टास्कही धरतो. एनएफएस अडकले की प्रोसेसर निवांत असतानाही लोड चाळीसवर चढतो. तो गर्दी सांगतो, गर्दी कशापाशी ते सांगत नाही.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: दोनशे सर्व्हर सांभाळणाऱ्याने कोअरनिहाय आलेख कुठे बघत बसायचे? बघू नयेत. फॉर्मात सरासरीऐवजी सर्वांत व्यग्र कोअरचा आकडा आणि कर्नल ४.२०पासून मिळणारा सीपीयू-प्रेशरचा आकडा, एवढे दोनच मागा. दोन्ही हवेत, कारण एकट्या थ्रेडने एक कोअर व्यापला तर रांग लागतच नाही आणि प्रेशर शून्याजवळ राहते. मात्र शेड्यूलर तो थ्रेड कोअरांवर फिरवत राहिला, तर कोअरनिहाय आकडाही गुळगुळीत होतो. संशय आला की पीआयडीस्टॅट थ्रेडनिहाय चालवण्याला पर्याय नाही. सिसस्टॅटच्या मुळातल्या दहा मिनिटांच्या नोंदींवर विसंबू नका, चाळीस सेकंदांची कोंडी त्यात विरघळून जाते. आणि कोअर खरोखर शंभरावर सापडला, तरी तो काम करतो आहे की मेमरीची वाट पाहतो आहे, हे पर्फमधून दर सायकलला किती इन्स्ट्रक्शन पडतात ते पाहिल्याशिवाय ठरवू नये.

‘इंजिनिअरच्या वेळेपेक्षा हार्डवेअर स्वस्त’ हे वाक्य आम्हीही ऐकून आहोत. यंत्रापुरते ते खरे असेलही. पण एसक्यूएल सर्व्हरची एंटरप्राइझ आवृत्ती २०१२पासून कोअरमागे लायसन्स मागते. झोपलेल्या कोअरांचेही बिल येते, आणि ते कपॅसिटीच्या नव्हे, भलत्याच खात्याच्या फायलीत जाते.

एवढे वरिष्ठांना सुनावल्यावर आपल्या मंडळींकडेही वळायला हवे. तक्रार येताच सर्व्हिस रीस्टार्ट करायची आणि तिकीट बंद करायचे, ही सवय रकान्याइतकीच घातक आहे; त्यात चोरासकट ठसेही पुसले जातात. रीस्टार्टआधी एक मिनिट थांबा. टॉप उघडून १ दाबा, मग एमपीस्टॅटचे सर्व सीपीयूंचे आउटपुट सेकंदागणिक साठ वेळा फाइलीत घ्या, थ्रेडनिहाय पीआयडीस्टॅट त्यासोबत चालू द्या. व्हर्च्युअल मशीन असेल तर स्टीलचा रकाना आधी पाहा आणि होस्टवाल्याला तोच पाठवा. फॉर्म आला की सरासरीचा रकाना मोकळा सोडून हे पान जोडा. परत आला तर पुन्हा जोडा. ‘सर्व्हर स्लो आहे, काय करू’ अशी पत्रे पुढल्या अंकापासून या पानाशिवाय छापली जाणार नाहीत.