नवी बॉडी घेण्याआधी

तुळशीची लग्नं लागली की लातूरच्या गंजगोलाईपासून नांदेडच्या वजिराबादपर्यंत स्टुडिओवाल्यांत एकच विषय चालतो: यंदा कॅमेऱ्याची बॉडी बदलायची का? दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला डीएसएलआर अजून चालतोय, फोटो येतायत, पण शेजारच्याने मिररलेस घेतला, आणि पार्टी फोनवर पहिला प्रश्न तोच विचारते. औसा रोडवरचा एक फोटोग्राफर परवा म्हणाला, "सर, मिररलेस हाय का म्हणून विचारायलेत. नाही म्हणलं की दुसऱ्याकडं जायलेत." त्याच्या आवाजात काळजी होती, आणि ती खोटी नव्हती.

या सदरात आपण छोट्या धंद्यांच्या पैशांबद्दल बोलतो. जिल्ह्याच्या ठिकाणचा स्टुडिओ हा अगदी असाच धंदा आहे. भांडवल घरचं, कर्ज स्वतःच्या नावावर, गिऱ्हाईक ओळखीतलं आणि उधारी ठरलेली. म्हणून माझं मत आधीच सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक स्टुडिओंना नव्या बॉडीची गरज नाही. त्यांना चांगली लेन्स हवी, स्वतःचा प्रकाश हवा आणि फोटो सांभाळायची नीट सोय हवी. ज्यांना बॉडी खरंच बदलायला हवी असे थोडेच आहेत, आणि त्यांची कारणं वेगळी आहेत.

त्या औसा रोडवाल्याला मी एकच विनंती केली. चांगले फोटो नको, गेल्या हंगामात अल्बममधून काढून टाकलेले दाखव. त्याने हार्डडिस्क लावली. गोरज मुहूर्तावरचं लग्न, मंडपात जांभळे-निळे एलईडी, अक्षता पडतायत आणि नवरीच्या आईचा डोळे पुसतानाचा फोटो हललेला. त्याची माहिती उघडली: १८-५५ ची किट लेन्स ५५ वर ताणलेली, अ‍ॅपर्चर ५.६, आयएसओ ६४००, शटर एक तीसांश सेकंद. पुढचे फोटोही जवळपास तसेच. दोष बॉडीचा म्हणावा, तर त्या लेन्समधून आत येणारा प्रकाशच इतका कमी होता की दोन लाखांची बॉडी लावूनही फार मोठा फरक पडला नसता. तिथे ५० एमएम १.८ लेन्स असती, तर ५.६ च्या तुलनेत साडेनऊ पटींहून जास्त प्रकाश आत आला असता. तेवढ्या प्रकाशात तोच फोटो त्याच आयएसओवर १/२५० सेकंदात निघाला असता आणि त्या माउलीचा हात स्थिर दिसला असता. ही लेन्स साधारण दहा-पंधरा हजारांत येते. निकॉनच्या डी३२०० सारख्या छोट्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे तिच्यासाठी एएफ-एस प्रकारचीच लेन्स घ्यावी लागते. दुकानात एवढं विचारलं की पुढचा मनस्ताप टळतो.

मेगापिक्सेलचं भूत तर अजून उतरलेलं नाही. हिशोब करून बघू. २००८ साली आलेला निकॉन डी९० हा व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर. तो १२.३ मेगापिक्सेलचा, म्हणजे फोटोची रुंदी ४,२८८ ठिपके. आपल्याकडे चालतो तो करिश्मा अल्बम, १२ बाय ३६ इंचांचं जोडपान. त्याच्या अर्ध्या पानावर, १८ इंच रुंदीत एकच फोटो लावला तरी इंचाला २३८ ठिपके मिळतात. मांडीवर अल्बम ठेवून बघणाऱ्या आजीला काय किंवा चष्मा नसलेल्या नातवाला काय, त्यात उणं दिसत नाही. २४ मेगापिक्सेलच्या बॉडीत रुंदी ६,००० ठिपक्यांची होते. आकडा दुप्पट झाला, पण रुंदी फक्त १.४ पट झाली. पूर्ण ३६ इंचांवर एकच फोटो पसरायचा असेल तर ही वाढ उपयोगी पडते. पण अल्बममध्ये अशी पानं किती असतात ते प्रत्येकाने आपापल्या कामात बघावं.

बातमीसाठी फोटो काढणाऱ्यांना तर याहून कमी पुरतं. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे, जलदूत, लातूरला पोहोचली. १० टँकर, सुमारे ५ लाख लिटर पाणी. त्या वर्षीच्या दुष्काळाचे आणि त्या गाडीचे फोटो देशभर छापले गेले, आणि ते त्या वेळच्या बॉडींनीच काढलेले होते. आजही ते बघताना कुणी मेगापिक्सेल विचारत नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपाचे फोटो तर फिल्मवरचे.

मग नवी बॉडी कुणी घ्यावी? नांदेडला दसऱ्याला किंवा होळीच्या वेळी हल्लाबोलची मिरवणूक ज्याने कॅमेरा घेऊन पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. निहंगांचे घोडे भरधाव सुटतात, गर्दी दोन्ही बाजूंनी रेटत असते, आणि समोरून येणारा घोडा एका क्षणात फ्रेमच्या बाहेर जातो. कॅनन १२००डी मध्ये फोकसचे ९ बिंदू आहेत आणि सेकंदाला ३ फोटो निघतात. घोड्याचे चारही पाय हवेत असतानाचा क्षण दोन फोटोंच्या मधेच कुठेतरी निसटतो. २०१८ मध्ये आलेल्या सोनी ए७ थ्रीमध्ये फोकसचे ६९३ बिंदू आहेत, वेग सेकंदाला १० फोटोंचा आहे, आणि तो माणसाचा डोळा ओळखून फोकस तिथे धरून ठेवतो. हा फरक लेन्स बदलून भरून निघत नाही. जो सतत धावपळीची, खेळाची, मिरवणुकीची कामं करतो, त्याच्यासाठी खर्च योग्य आहे. लग्नात मात्र धावपळ फक्त वरातीत असते आणि तिथे खरी उणीव प्रकाशाची असते.

माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत वेगळीच परीक्षा असते. मार्गशीर्षातली थंडी, घोड्यांचा आणि जनावरांचा बाजार, आणि वर सतत उधळला जाणारा भंडारा. तिथे उघड्यावर लेन्स बदलली की हळद थेट सेन्सरवर बसते. मग पुढच्या प्रत्येक लग्नात आभाळाच्या निळ्या भागात ठिपके दिसतात आणि माणूस म्हणतो, कॅमेरा गेला. कॅमेरा गेलेला नसतो. अ‍ॅपर्चर १६ वर ठेवून मोकळ्या आभाळाचा एक फोटो घ्यावा, धुळीचा कण न् कण दिसतो. सेन्सर साफ करून घ्यायला जो खर्च येतो तो नव्या बॉडीच्या किमतीपुढे काहीच नाही. चिकट झालेलं रबर, सैल झालेला कार्डाचा दरवाजा, दमलेली बॅटरी या तक्रारीही अशाच, दुरुस्तीने मिटणाऱ्या.

शटरचं तसं नाही. छोट्या डीएसएलआरचं शटर साधारण एक लाख क्लिकसाठी, मधल्या वर्गातल्या बॉडीचं दीड लाखासाठी चाचणी केलेलं असतं. हा आकडा म्हणजे मरणाची तारीख नव्हे, पण अंदाज नक्की देतो. एका लग्नात अडीच हजार क्लिक धरल्या, तर चाळीस लग्नांत लाख भरले. निकॉनच्या बहुतेक बॉडींत आजवर किती क्लिक झाल्या हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो, कॅननच्या बॉडीला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. जुनी बॉडी विकत घेणाऱ्याने हा आकडा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, मग विकणारा कितीही जवळचा असो.

बॉडी बदलण्याचं सर्वांत पटणारं कारण व्हिडिओ. हे मी मोकळेपणाने मान्य करतो. जुन्या डीएसएलआरमध्ये व्हिडिओ घेताना फोकस मागेपुढे चाचपडत राहतो, आणि सप्तपदी काही पुन्हा घेता येत नाही. ज्याच्या बिलात अर्ध्याहून जास्त रक्कम व्हिडिओची असते, त्याने बॉडी बदलण्याचा विचार करावा. पण तेव्हा हिशोब फक्त बॉडीचा करू नये. १०० एमबीपीएसवर फोर के घेतलं की तासाला ४५ जीबी भरतात. हळदीपासून पाठवणीपर्यंत सहा तास चित्रण झालं तर २७० जीबी, आणि दुसरी प्रत ठेवायची म्हणजे त्याच्या दुप्पट. जुन्या २४ एमबीपीएसच्या फुल एचडीत हेच सहा तास ६५ जीबीत मावत होते. घरचा कॉम्प्युटर या फाइली उघडताना धापा टाकतो, मग तोही बदलायचा. कार्डं वेगवान हवीत, हार्डडिस्क मोठ्या हव्यात. शोरूममध्ये यातलं काही बिलावर नसतं, ते पुढच्या दोन महिन्यांत एकेक करून येतं.

उन्हाचंही बघावं लागतं. कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराचं तापमान शून्य ते ४० अंश असं दिलेलं असतं. नांदेडचा मे महिना ही मर्यादा दुपारी सहज ओलांडतो. सतत फोर के घेणारी छोटी मिररलेस बॉडी अशा मांडवात लवकर तापते. बॅटरीही लवकर संपते. निकॉन डी७२०० एका बॅटरीवर १,११० फोटो देतो, कॅनन ईओएस आर ३७०. मुखेड किंवा देवणीच्या एखाद्या खेड्यात, जिथे लग्नाच्या दिवशी वीज कधी जाईल सांगता येत नाही, तिथे हा आकडा फार महत्त्वाचा ठरतो. मिररलेस घेणाऱ्याने तीन-चार बॅटऱ्यांची किंमत आधीच धरावी.

आता पैशाचं. दोन लाखांची बॉडी १४ टक्क्यांनी दोन वर्षांच्या हप्त्यावर घेतली, तर महिन्याला सुमारे ९,६०० रुपये भरावे लागतात. हप्ता बारा महिने येतो, लग्नं बारा महिने येत नाहीत. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी हे चार महिने आपल्याकडे काढीव मुहूर्त सोडले तर कोरडेच. आणि आपल्याकडची लग्नं सोयाबीनच्या पैशावर होतात. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारातला भाव त्याच्या बराच खाली राहिला. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने नांदेड-लातूरची उभी पिकं पाण्यात गेली. शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो तेव्हा लग्न होतं, जेवणावळही होते, पण अल्बमची पानं कमी होतात, व्हिडिओ रद्द होतो आणि उरलेली रक्कम पुढच्या राशीवर ढकलली जाते. पुण्यातला फोटोग्राफर पगारदारांकडून आगाऊ रक्कम घेतो. त्याचं बघून आपल्याकडच्या माणसाने हप्ता ठरवला की फसगत होते. पावसावर चालणाऱ्या धंद्यात मी तरी कॅमेऱ्यासाठी कर्ज काढा असं सांगणार नाही. पैसे साठवून, रोखीने, एक पिढी मागची बॉडी घ्यावी.

कंपन्यांची घाई कुठून येते हेही समजून घेतलं पाहिजे. २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, २०२० मध्ये हा आकडा ९० लाखांच्याही खाली आला. छोटा कॅमेरा मोबाइलने खाल्ला. उरलेला धंदा महागड्या बॉडींवर चालवायचा म्हटल्यावर दर दोन वर्षांनी नवं मॉडेल येणारच. याची दुसरी बाजू आपल्या फायद्याची आहे: मिररलेसकडे गेलेले लोक आपल्या चांगल्या डीएसएलआर लेन्स स्वस्तात विकतायत. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून नव्या आर बॉडीवर नीट चालतात, म्हणजे आज घेतलेली लेन्स उद्याही उपयोगी पडते. निकॉनच्या जुन्या, बॉडीतल्या मोटरवर चालणाऱ्या लेन्स मात्र एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर फोकस करत नाहीत. तेवढं बघून घ्यावं. आणि फार जुन्या बॉडींचे सुटे भाग हळूहळू मिळेनासे होणार, हेही खरं आहे. दुरुस्तीसाठी पुण्याला किंवा हैदराबादला पाठवलेला कॅमेरा "पार्ट नाही" म्हणून परत आला, तर त्या दिवशी निर्णय आपोआप झालेला असतो.

हौशी माणसाचं उत्तर याहून सोपं आहे. घरात २०१२ च्या सुमाराचा डीएसएलआर पडून असेल तर तो काढा, एक तिपाई घ्या आणि देगलूर तालुक्यातल्या होट्टलला जा. चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिराच्या भिंतीवर सकाळचं तिरपं ऊन पडतं तेव्हा कोरीव बायकांच्या दागिन्यांतला मणी न् मणी वेगळा होतो. खरोशाच्या लेण्यांत आत अंधार आहे, पण मूर्ती हलत नाही. आयएसओ १०० वर ठेवून दहा सेकंदांचं एक्सपोजर द्या, जुना सेन्सरही अंधारातला दगड स्वच्छ दाखवतो. अशा कामाला नवी बॉडी घेण्याचं कारण मला दिसत नाही. मोबाइल याच ठिकाणी उणा पडतो, म्हणून जुना कॅमेरा भंगारात काढू नये.

आणि ज्यांचं ठरलंच आहे, व्हिडिओची कामं हातात आहेत, पैसे जमलेत, त्यांना दोन सूचना. खरेदी चातुर्मासात करा. लग्नसराईच्या आदल्या आठवड्यात घेतलेल्या बॉडीची बटणं पहिल्या मंगलाष्टकाला सापडत नाहीत. आषाढात घेतली तर गणपती, दसरा असा सगळा सराव होतो. दुसरं, खोक्यावरचे आकडे बघण्याआधी कार्डाचे कप्पे मोजा. २०१० च्या निकॉन डी७००० मध्ये दोन कार्डं बसतात आणि प्रत्येक फोटो दोन्हींवर लिहिता येतो. २०१८ च्या कॅनन ईओएस आरमध्ये आणि निकॉनच्या पहिल्या झेड६ मध्ये कप्पा एकच. कार्ड खराब झालं तर सेन्सर कितीही नवा असला तरी लग्नाचे फोटो गेले. अशी एका कप्प्याची बॉडी घेतली असेल, तर जुनी विकू नका. तिला येणारी किंमत आता नाही म्हणण्याइतकीच आहे. तिच्यावर ५० एमएम लावून ती मदतनिसाच्या हातात द्या आणि मुख्य विधी दोन्ही बॉडींवर घ्या.