परसातला टोमॅटो आणि बियाण्याची मालकी



कर्जत-खालापूरचा टोमॅटो आणि आपली कपाशी-ज्वारी यांचा काय संबंध, असे कोणीही विचारील. तिकडे पावसाळ्यात भिंतीवर शेवाळ चढते, इकडे पेरलेले उगवायला एका सरीची वाट पाहावी लागते. पण बियाणे कोणाच्या हातात राहणार, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. परसातल्या दहा झाडांवर तो लवकर समजतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

कोकणात पाणीच पाणी, हा समज आधी सोडा. चार महिने धो धो पडते आणि होळीपर्यंत विहिरीचा तळ दिसतो. टाटांचे वीजघर खोपोलीला 1915 साली आणि भिवपुरीला 1922 साली सुरू झाले. भिवपुरीची वीज मुंबईला गेली, उरलेले पाणी राजनाल्याने कर्जतच्या खालच्या भातखाचरांना मिळाले. डोंगरउतारावरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांना ते पाणी चढत नाही. तिथली बाई परसातली चार झाडे जगवते ती धुण्याभांड्याच्या पाण्यावर. म्हणजे कोरडवाहू शेती काय असते, हे तिला तुमच्याइतकेच ठाऊक आहे.

त्याच तालुक्यांत फार्महाऊसवाल्यांची कुंपणे उभी राहिली. त्यांच्या बागेत सॉसचा टोमॅटो लावण्याची हौस असते. रोमा, सॅन मार्झानो अशी नावे पुडीवर असतात. हौसेला आमचा विरोध नाही. पण हा टोमॅटो आहे तरी काय, ते शेतकऱ्यानेही जाणून घ्यावे.

हा लांबट, जाड गराचा, कमी रसाचा आणि कमी बियांचा टोमॅटो. रोमा अमेरिकेतला, सॅन मार्झानो इटलीतल्या नेपल्सकडचा. आपल्याकडे लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने पंजाब छुहारा दिला, दिल्लीच्या पुसा संस्थेने पुसा गौरव दिला. ही सगळी सरळ वाणे आहेत. टोमॅटोच्या फुलात परागीभवन बहुतांशी आपल्या आपण होते. म्हणून सरळ वाणाचे बी धरले, तर पुढच्या वर्षी तसेच झाड आणि तसेच फळ येते. संकरित वाणाचे बी धरले, तर एक झाड बापावर, एक आईवर आणि तिसरे कोणावरच जात नाही.

हे तुम्हाला नवे नाही. मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी तुम्ही स्वतःच्या राशीतून बियाण्याला काढता. 1964 साली सीएसएच-1 हा संकर आला, त्याचे बियाणे दरवर्षी दुकानातून आणावे लागले. कपाशीत तर 1970 च्या संकर-4 पासून सुरुवात झाली आणि 2002 साली बीटीला परवानगी मिळाल्यावर घरची सरकी पेरणारा शेतकरी शोधून सापडेना. संकराने उत्पन्न वाढले, हे खरे आहे. ज्याला परवडते त्याने तो जरूर घ्यावा. पण आपण वाण घेतो आहोत की एका हंगामाचे भाडे भरतो आहोत, हे घेणाऱ्याला आधी कळले पाहिजे.

आता बी कसे धरायचे ते सांगतो. निरोगी, भरपूर फळे धरलेले झाड निवडा. दुसऱ्या-तिसऱ्या घोसातली फळे झाडावरच लाल पिकू द्या. ती पिळून गर बियांसकट मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात एक-दोन दिवस आंबू द्या, मधूनमधून ढवळा. बियांभोवतीचा बुळबुळीत पदर सुटतो. मग पाणी ओतले की चांगले बी तळाशी बसते, पोकळ बी वर तरंगते, ते ओतून टाका. दोनतीनदा धुऊन फडक्यावर पातळ पसरा आणि सावलीत खडखडीत वाळवा. तापलेल्या पत्र्यावर वाळवाल तर बी भाजून निघेल. राखेत घालून बाटलीत भरा, वाणाचे नाव आणि साल लिहा. दमट हवेत बी लवकर मरते, म्हणून कोकणातल्या बाया बियाण्याची पुरचुंडी चुलीच्या वर धुरात टांगतात. कोरडे राहिले तर बी तीन-चार वर्षे टिकते. एका ग्रॅममध्ये सुमारे 300 बिया असतात, चार-पाच फळांतून शंभरावर रोपांची सोय होते.

रोप गादी वाफ्यावर करा आणि 25 ते 30 दिवसांनी दोन फूट बाय दीड फुटावर लावा. कर्जतकडे पाऊस ओसरल्यावर बी टाकतात आणि भात निघाल्यावर लावणी करतात. तिथला मोठा शत्रू म्हणजे मर रोग. हिरवेगार झाड एकाएकी मान टाकते. त्याच्या बुंध्याचा तुकडा ग्लासभर पाण्यात धरला आणि दुधासारखा धागा सुटला, तर तो जिवाणूंचा रोग समजावा. त्या जागी पुढे टोमॅटो, वांगी, मिरची लावू नये. तुमच्याकडे शत्रू वेगळा आहे. कपाशीवरची पांढरी माशी टोमॅटोवर येते आणि पान चुरडामुरडा होते. कपाशीची बोंडे आणि तुरीच्या शेंगा पोखरणारी हिरवी अळीच टोमॅटोच्या फळात शिरते. म्हणून टोमॅटोचे परस कपाशीच्या बांधाला खेटून नको.

इथवर शेतीचे झाले. आता परसबागेचा उपदेश करणाऱ्यांशी बोलायचे आहे.

साहेब गावात येतात, मायबहिणींना बियाण्याची पुडी देतात, फोटो काढतात आणि सांगतात, परसबाग लावा, कुपोषण जाईल, पैसा वाचेल, टोमॅटो जास्त झाला तर घट्ट गर करून विका. मग त्यांचाच हिशेब मांडू. ताज्या टोमॅटोत घन भाग शेकडा पाचच्या आसपास असतो. शेकडा तीसची घट्ट पेस्ट हवी, तर सहा किलो टोमॅटोतून एक किलो निघते. उरलेले पाच किलो पाणी चुलीवर उडवायचे. त्याचे सरपण कोण आणते? बाई डोक्यावर आणते. म्हणून ते कोणाच्या हिशेबात येत नाही. कारखान्यात वाफेचा खर्च धरतात, घरात बाईची पाठ धरत नाहीत. ज्याला शेतीत भाव मिळतो तो भाजी विकतही घेऊ शकतो. ज्याला मिळत नाही त्याला परसातली दहा झाडे तारणार नाहीत.

आणि टोमॅटोला भाव आला तेव्हा काय झाले? 2023 च्या जुलैत शहरात टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला. लगेच नाफेड आणि एनसीसीएफ बाजारात उतरले आणि 14 जुलैपासून 90 रुपयांनी विकू लागले, पुढे 80, 70, ऑगस्टमध्ये 50 रुपये. 10 ऑगस्टला अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितले, नेपाळातून टोमॅटो आणतो आहोत. सप्टेंबरात भाव इतका कोसळला की नाशिककडच्या शेतकऱ्याने माल रस्त्यावर ओतला. तेव्हा ही धावपळ कुठे गेली? 2018 च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा, बटाट्यासाठी ऑपरेशन ग्रीन्सला 500 कोटी जाहीर झाले होते, तरी 2023 चा टोमॅटो रस्त्यावरच गेला. चढलेला भाव पाडायला सरकारकडे यंत्रणा असते, पडलेला भाव सावरायला उपदेश असतो.

म्हणून बी धरणे म्हणजे गरिबी हटली, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही म्हणतो ते एवढेच की बी धरण्याचे स्वातंत्र्य आपले आहे आणि ते वापरले नाही तर विसरून जाते. 2001 च्या पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या कलम 39 ने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. छापील ब्रँड लावून मात्र ते विकता येत नाही. उद्या जुने ते सोने म्हणून कोणी संकरित किंवा नव्या तंत्राच्या बियाण्यावर बंदी मागितली, तर त्यालाही आमचा विरोध राहील. कोणते पेरायचे ते शेतकरी ठरवील.

जिल्ह्याच्या बैठकीत आपण तीन मागण्या मांडायच्या. सरकारी पैशाने वाटलेल्या प्रत्येक पुडीवर वाणाचे नाव, ते सरळ की संकरित आणि उगवण तपासल्याची तारीख मराठीत मोठ्या अक्षरांत हवी. परसबागेसाठी सरळ वाणच द्यावे, म्हणजे दुसऱ्या वर्षी हात पसरावा लागणार नाही. आणि भाव वाढल्यावर आयात करणार असाल, तर भाव पडल्यावर खरेदीलाही या.

बैठकीला येताना घरात धरलेले कोणतेही बियाणे चिमूटभर आणा, नाव आणि साल लिहून. मालदांडी असो, तूर असो, नाहीतर टोमॅटो. देवघेव तिथेच करू.