गृहीतक नेहमीच कसे सिद्ध होते?

उन्हाळी सत्र संपत आले की मराठी विभागांच्या टेबलांवर एम. ए. द्वितीय वर्षाच्या शोधप्रकल्पांचे गठ्ठे साठू लागतात. गडद रंगाची पुठ्ठाबांधणी, वर सोनेरी अक्षरे. आत प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश. मग उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती, मर्यादा, पद्धती, चार-पाच प्रकरणे आणि अखेरीस निष्कर्ष. हा क्रम आपल्या सर्वांच्या अंगवळणी पडला आहे, आणि निष्कर्षांच्या पानावरचे एक वाक्यही. 'प्रस्तुत संशोधनाचे गृहीतक सिद्ध झाले आहे.' गृहीतक टिकले नाही, ते बदलावे लागले किंवा मुळात प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता, असे सांगणारा विद्यार्थ्याचा प्रकल्प आपल्यापैकी कितीजणांनी वाचला आहे? इतक्या वर्षांत, इतक्या महाविद्यालयांत, इतक्या विद्यार्थ्यांपैकी एकाचीही अटकळ चुकू नये, हे संशोधनाचे यश मानायचे की आपल्या साच्याचे?

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे, त्याला कारणे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी एम. फिल. ही पदवी बंद केली. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात एकूण ८८ श्रेयांकांपैकी १० श्रेयांक शोधप्रकल्पाला आहेत, तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६. चार वर्षांच्या संशोधनासह ऑनर्स पदवीत तर शोधप्रकल्पासाठी १२ श्रेयांक ठेवले आहेत आणि पुरेसे गुण मिळवून ती पदवी घेणाऱ्याला थेट पीएच. डी.चे दार उघडे आहे. पूर्वी एम. फिल.चा लघुप्रबंध लिहिताना जी उमेदवारी होत असे, ती आता या प्रकल्पातच व्हायची आहे. ही उमेदवारी नेमकी कशाची, याचा विचार मात्र आपण केलेला दिसत नाही.

मौखिकी परीक्षा आटोपून बाहेर पडणारे विद्यार्थी आपापसांत बोलतात, ते कान देऊन ऐकण्यासारखे असते. 'विषय आत्ता कुठे कळायला लागला होता' हे वाक्य तर दरवर्षी ऐकू येते. कोणी सांगतो की पहिले तीन महिने तो जे शोधत होता ते अस्तित्वातच नव्हते. कोणी म्हणते, मुलाखत घ्यायला गेले तेव्हा त्या बाईंनी मलाच प्रश्न विचारले. हे सारे संशोधनाचे अनुभव आहेत. पण बांधलेल्या प्रतीत त्यांना जागा नाही. ऋणनिर्देशात आईवडील, मार्गदर्शक, ग्रंथपाल आणि टंकलेखन करून देणारे यांचे आभार असतात. 'मर्यादा' या शीर्षकाखाली वेळेचा अभाव असतो. प्रत्यक्ष काय घडले, ते कोठेच नसते.

दोन उदाहरणे पाहू. एका विद्यार्थिनीने आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांवर प्रकल्प केला. 'ओव्यांतून स्त्रीचे दुःख व्यक्त होते' हे तिचे गृहीतक. प्रकल्पात ते रीतसर सिद्ध झाले. तोंडी बोलताना मात्र तिने सांगितले की मोबाइल समोर ठेवून 'आजी, ओव्या म्हण' म्हटल्यावर आजीला चार ओळीही आठवेनात. अडगळीतले जाते काढून मांडले, खुंट्याला हात लागला, तेव्हा ओव्या येऊ लागल्या. आणि त्यांतल्या बऱ्याचशा भावाच्या कौतुकाच्या, बाजाराच्या, शेजारणीची फिरकी घेणाऱ्या निघाल्या. दुःखाच्या ओव्या तिने निवडून घेतल्या, कारण गृहीतक तसे होते. म्हणजे तिला खरोखर सापडलेल्या दोन गोष्टी, श्रमाची लय आणि स्मरण यांचे नाते व ओवीतला विनोद, प्रकल्पाबाहेर राहिल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी गावोगाव फिरून जमवलेला एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर क्रमाने येत आहे. तो चाळणाऱ्यालाही कळते की ओवीचा प्रदेश एकाच भावनेत मावणारा नाही.

दुसरा विद्यार्थी आपल्या जिल्ह्यातल्या एका जुन्या नियतकालिकावर काम करू इच्छित होता. दाते, काळे आणि बर्वे यांनी केलेल्या १८०० ते १९५० या काळातील मराठी नियतकालिकांच्या सूचीत नाव मिळाले. अंक मात्र मिळेनात. एका ग्रंथालयात ते रद्दीत गेल्याचे कळले, दुसरीकडे कपाटाची किल्लीच सापडेना. त्याने विषय बदलला आणि एका प्रसिद्ध कादंबरीतील ग्रामजीवनावर नेहमीसारखा प्रकल्प लिहिला. सूचीत नोंद आहे आणि अंक नाहीत, ही गोष्ट मराठी वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने केवढी मोलाची! कोणती साधने कोठे होती, कधी नाहीशी झाली, याची पाच पानांची साधी नोंदही पुढच्या अभ्यासकाच्या उपयोगी पडली असती. परंतु न सापडणे हाही शोध असतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

आपल्याकडे याची परंपरा नाही, असेही म्हणता येत नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. त्या खंडमालेतील त्यांच्या प्रस्तावना पुढे स्वतंत्रपणे संकलित कराव्यात इतक्या महत्त्वाच्या ठरल्या. दप्तरांसाठी केलेली पायपीट, कागदांची झालेली दैना आणि त्यावरची चीड त्यांच्या लेखनातून वजा करून पाहावी; केवढे तरी हरवेल. इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा वारीवरचा लेख घ्या. मानववंशशास्त्राची अभ्यासक दिंडीबरोबर चालते, एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांच्या पंगती वेगळ्या असल्याचे पाहते आणि त्याने अस्वस्थ होते. ती अस्वस्थता लेखातून काढून टाकल्याने लेख अधिक शास्त्रीय झाला नसता. पाहणारा कोठे उभा आहे, हे कळले म्हणजे त्याने पाहिलेल्या गोष्टीवर किती विसंबावे, हेही कळते.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक शोधप्रकल्पाला 'शोधवाटेची नोंद' असे सहा-सात पानांचे एक प्रकरण असावे. आरंभीचा प्रश्न कोणता होता आणि तो कोठे वळला. काय शोधले आणि काय सापडले नाही. कोणत्या पुस्तकाने किंवा माणसाने मत बदलायला लावले. काय वगळले आणि का. कोणता प्रश्न अजून उभा आहे, एवढे त्यात यावे. प्रकल्पाच्या गुणांपैकी निदान पाचवा हिस्सा या प्रकरणाला असावा आणि मौखिकीची सुरुवात त्यावरूनच व्हावी. गृहीतक कोसळल्याचे प्रामाणिकपणे दाखवणाऱ्या विद्यार्थ्याचा एकही गुण कापला जाणार नाही, हे विभागाने आधीच लेखी सांगावे.

यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की या नोंदीचाही साचा बनेल. ऋणनिर्देशाचा झाला, तसाच. आक्षेप खरा आहे. पण साचा बनतो तो कोणी वाचत नाही म्हणून. ऋणनिर्देशावर परीक्षक कधी प्रश्न विचारत नाही. 'त्या ग्रंथालयात तुम्ही कोणत्या नोंदवह्या पाहिल्या?' असा एक साधा प्रश्न विचारला तरी उसनी नोंद उघडी पडते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. साहित्याच्या अभ्यासाऐवजी विद्यार्थी स्वतःविषयीच लिहू लागतील, कृती बाजूला राहील आणि 'मला काय वाटले' यालाच संशोधन म्हटले जाईल. ही भीती रास्त आहे. म्हणून ही नोंद प्रकरणांना पर्याय असू नये. संहितेचे वाचन, पाठांची तुलना, संदर्भांची शिस्त यांत सूट नको. आत्मकथन आणि शोधाचा हिशेब यांतला फरक विद्यार्थ्याला शिकवावा लागेल. हिशेबात भावना येतील, पण त्या निर्णयांच्या संदर्भात येतील.

तिसरा आक्षेप आपल्या सोयीचा आहे. एकेका मार्गदर्शकाकडे इतके विद्यार्थी असताना हे सारे वाचायचे कोणी? याचे उत्तर असे की आज जे वाचले जाते त्याचेही काय होते, ते पाहावे. आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडास पात्र नाही. ते साम्य यंत्र मोजते. त्यातही जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले किंवा केवळ छापील असलेले मराठी साहित्य या यंत्राच्या नजरेला फारसे पडत नाही. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून हवे ते प्रकरण शुद्ध, गुळगुळीत मराठीत मिळते. साम्य शून्य आणि वाचनही शून्य. अशा प्रकल्पाची चाळीस पाने तपासण्यापेक्षा, विद्यार्थ्याने चाललेल्या वाटेची सात पाने वाचून त्याच्याशी दहा मिनिटे बोलणे कमी कष्टाचे आहे आणि अधिक खात्रीचेही.

आपल्या वर्गांत बसणारी अनेक मुले घरातली पहिलीच पदव्युत्तर शिक्षण घेणारी असतात. त्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट नसते, पण बोली असते, ओवी असते, भजनीमंडळाची वही असते. या सामग्रीजवळ त्यांच्याइतके दुसरे कोणी पोहोचू शकत नाही. त्यांच्या हाती आपण तयार गृहीतक ठेवतो आणि ते सिद्ध करून मागतो. त्यामुळे ती आपल्याच घरी परक्यासारखी जातात आणि आपल्याला आधीच माहीत असलेले घेऊन परततात. नवे शैक्षणिक वर्ष सुरू होईल तेव्हा विषयनिश्चितीच्या अर्जात 'गृहीतक' या रकान्याखाली आणखी एक रकाना वाढवता येईल: 'हे चुकीचे ठरू शकते, असे केव्हा मानाल?' त्याला विद्यापीठाच्या परवानगीची गरज नाही. अभ्यासमंडळाच्या बैठकीचीही नाही.