शस्त्रक्रिया मोफत, शब्दांचे काय?

चेन्नई : जन्मतः कर्णबधिर बालकावरील कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया साधारण दोन-तीन तासांत आटोपते. जखम भरण्यासाठी काही आठवडे थांबून कानामागचे बाह्य यंत्र, म्हणजे स्पीच प्रोसेसर, प्रथम सुरू केला जातो. मूल दचकते, आई डोळे पुसते. चित्रफितींतून सर्वदूर पोहोचतो तो हाच क्षण. प्रत्यक्षात त्या दिवशी मुलाला आवाजाची केवळ चाहूल लागलेली असते. अंतर्कर्णात बसवलेली तार श्रवण-मज्जातंतूला विजेचे सूक्ष्म संकेत देते. त्यांतून ‘आई’, ‘पाणी’, ‘ये’ हे शब्द ओळखणे मेंदूला शिकावे लागते आणि त्यासाठी काही वर्षे जातात. मूल चार वर्षांचे असले, तरी त्याचे ‘श्रवणवय’ त्या दिवशी शून्य असते.

तमिळनाडूने मुख्यमंत्री सर्वंकष आरोग्य विमा योजनेतून सहा वर्षांपर्यंतच्या गरजू मुलांसाठी ही शस्त्रक्रिया मोफत केली आणि तिच्यासोबत वर्षभराचे श्रवण-वाचा प्रशिक्षणही जोडले. केंद्राच्या ‘अ‍ॅडिप’ योजनेत २०१४ पासून कॉक्लिअर इम्प्लांटचा समावेश असून त्याचे समन्वयन मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था करते. लाखो रुपयांचे उपकरण मजुराच्या मुलापर्यंत पोहोचले, हे यश लहान नाही. तथापि सरकारी निवेदनांत ठळक असतो तो शस्त्रक्रियांचा आकडा. त्यांपैकी किती मुले बोलू लागली, किती सर्वसामान्य शाळेत टिकली, हा खरा निकष मागे पडतो.

शस्त्रक्रियेनंतरचे काम चिकाटीचे आहे. प्रत्येक विद्युताग्रातून किती तीव्रतेचा संकेत द्यायचा, हे ऑडिओलॉजिस्ट संगणकावर पुनःपुन्हा ठरवतो. त्याला मॅपिंग म्हणतात. यंत्र नीट चालते की नाही, हे पाहण्यासाठी आ, ई, ऊ, श, स, म हे सहा ध्वनी मुलासमोर उच्चारले जातात. त्यांत मंद्र ‘म’ पासून तीक्ष्ण ‘स’ पर्यंत बोलण्याचा बहुतेक पट्टा येतो. पण आठवड्यातील एखाद-दोन तासांच्या थेरपीने भाषा येत नाही. ती येते भाजी निवडताना, अंघोळ घालताना, बसची वाट पाहताना चालणाऱ्या बोलण्यातून. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या चेन्नईच्या बालविद्यालयाने लहान कर्णबधिर मुलांना शिकवताना पालकांनाही सोबत घेतले, ते याच कारणाने. म्हणजे खरा वाचाशिक्षक घरातच असतो, आणि बहुधा ती आई असते.

नेमके येथेच गणित चुकते. थेरपीसाठी तालुक्याच्या गावाहून यायचे, तर दर खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. पहिले वर्ष कसेबसे निघते. मूल जोडशब्दांकडे वळू लागते, तोच योजनेची मुदत सरते. चेन्नईतील मद्रास ईएनटी रिसर्च फाउंडेशनने राज्यात इतरत्र उपकेंद्रे उभारून व दूरस्थ मॅपिंग करून हे अंतर कमी करण्याचा प्रयत्न केला आहे. हा मार्ग सरकारी व्यवस्थेने अधिक व्यापक करावयास हवा. एक वर्ष अपुरे आहे.

भाषेचाही पेच आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी भागांतून दक्षिणेत गेलेल्या गलाई व्यावसायिकांच्या घरात मराठी, गल्लीत तमिळ आणि शाळेत इंग्रजी. अशा घरातील कर्णबधिर मुलाने आधी कोणती भाषा ऐकावी? आईवडील जी सहज, दिवसभर बोलू शकतात, तीच पायाभूत ठरावी, हे तत्त्व सर्वमान्य होत आहे. परंतु परप्रांतात मराठीतून मार्गदर्शन करणारा थेरपिस्ट मिळणे सोपे नाही.

वयाचा मुद्दा त्याहून कठोर. साडेतीन वर्षांच्या आत श्रवण-संकेत मिळाले, तर मेंदू ते उत्तम आत्मसात करतो; पुढे ही लवचिकता ओसरत जाते. म्हणून पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान व सहाव्यापर्यंत उपाययोजना हा दंडक जगभर सांगितला जातो. पोरूर येथील श्री रामचंद्र संस्थेने ग्रामीण आरोग्य कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन, दूरस्थ निदानाच्या साह्याने खेड्यांतील अर्भकांच्या श्रवणाची तपासणी करून दाखवली आहे. अन्यत्र मात्र ‘याचे वडीलही उशिराच बोलायला लागले होते’ या समजुतीत मोलाचे वर्ष जाते. उशीर झालेल्या मुलांना सांकेतिक भाषेपासून दूर ठेवण्याचा हट्टही सोडायला हवा. ऐकण्याची वाट पाहताना मूल भाषेविनाच वाढू नये.

राहता राहिले यंत्र. शरीरातील भाग दीर्घकाळ टिकतो; बाहेरचा प्रोसेसर घामाने, पावसाने, खेळताना पडून बिघडतो, आणि चेन्नईच्या दमट हवेत त्याला जपणे अधिकच अवघड. केबल, कॉइल, बॅटरी विदेशी कंपन्यांच्या व महाग असतात. जुने मॉडेल कंपनीने बंद केले की सुटे भाग मिळेनासे होतात. प्रोसेसर बंद, तर मूल पुन्हा पूर्ण नि:शब्दतेत. केरळने आपल्या ‘श्रुतितरंगम’ योजनेत शस्त्रक्रियेबरोबरच प्रोसेसरची दुरुस्ती व बदल यांचाही अंतर्भाव केला आहे. इतर राज्यांतील पालक हा खर्च कर्ज काढून किंवा दानशूरांची दारे ठोठावून भागवतात.